पायात गोळे का येतात, आल्यावर काय करायचं आणि परत येऊ नयेत म्हणून काय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोटरीत गोळा येणं, पेटका येणं, वांब येणं, क्रॅम्प, काहीही म्हणा, दुखणं तेच. खाली नेहमी विचारले जाणारे प्रश्न घेतलेत. ज्याला आत्ता या क्षणी गोळा आलाय त्याने फक्त पहिलं उत्तर वाचा, बाकीचं सकाळी वाचलं तरी चालेल.

आत्ता आलाय, काय करू?

गुडघा सरळ करा आणि पायाची बोटं नडगीकडे, म्हणजे स्वतःच्या दिशेने ओढा. बस, मुख्य उपाय हाच आहे. हात पोचत नसेल तर टॉवेल किंवा चादर तळव्याला अडकवा आणि दोन्ही टोकं हळूहळू ओढा. उभं राहता येत असेल तर भिंतीला धरून उभे राहा, दुखरा पाय थोडा मागे, टाच जमिनीला घट्ट टेकलेली, आणि अंग पुढे झुकवा. झटका मारू नका, ताण हळूहळू वाढवा आणि गाठ सैल पडेपर्यंत धरून ठेवा, मध्येच सोडलं तर लगेच परत येतो. दुसऱ्या हाताने पोटरी चोळत राहिलात तर बरं वाटतं. आणि म्हातारी माणसं असतील तर अंधारात घाईघाईने उठून उभं राहायला जाऊ नका, गोळा दोन-चार मिनिटात जाईल पण पडून हाड मोडलं तर ते महिने खातं, बसल्या बसल्या टॉवेलनेच ओढा.

पोटरीत नाही, मांडीत आलाय. किंवा तळव्यात. तेव्हा?

तत्त्व एकच, जो स्नायू आखडलाय तो लांब करायचा. मांडीच्या मागे आला तर पाय सरळ पसरून बसा आणि कमरेतून पुढे वाका. मांडीच्या पुढच्या बाजूला आला तर आधार धरून उभे राहा, गुडघा दुमडा आणि टाच मागे ढुंगणाकडे ओढा. तळव्यात येऊन बोटं वाकडी झाली तर बोटं हाताने वर ओढा किंवा सरळ त्या पायावर वजन देऊन उभे राहा.

आत नक्की होतं काय? शीर शिरेवर चढते असं म्हणतात ते खरं का?

नाही, शीर कुठेही चढत नाही. स्नायू स्वतःहून पूर्ण ताकदीने आकुंचन पावतो आणि सैल व्हायचं नावच घेत नाही. हात लावून बघा, पोटरीत दगडासारखी टणक गाठ लागते, कधीकधी ती बाहेरूनही दिसते, पाऊल आपोआप खाली ताणलं जातं आणि गोळा उतरायला लागला की कातडीखाली स्नायू थरथरताना दिसतो. पण मूळ गडबड बहुतेक वेळा स्नायूत नसते, त्याला हुकूम देणाऱ्या नसेत, म्हणजे मज्जातंतूत असते. नस अतिउत्तेजित होते आणि गरज नसताना भराभर संदेश सोडत राहते. ताण दिल्यावर गोळा का सुटतो तेही यातच आहे: स्नायू आणि त्याचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) ताणला गेला की तिथले सेन्सर मणक्याकडे संदेश पाठवतात आणि तिथून "आता सोड" असा उलटा हुकूम येतो. गोळा काही सेकंदांपासून साधारण दहा मिनिटांपर्यंत राहू शकतो, दुखरेपणा मात्र दुसऱ्या दिवशीपर्यंत रेंगाळतो.

रात्रीच का येतो? दिवसभर तर काही नसतं.

झोपेत पाऊल बहुतेक वेळा खाली झुकलेलं असतं, आणि उताणं झोपून जड पांघरूण घेतलं असेल तर ते बोटांना अजून खाली दाबतं. या स्थितीत पोटरीचा स्नायू आधीच आखूड होऊन बसलेला असतो, आणि आखूड झालेल्या स्नायूला थोडासा जरी जास्तीचा संदेश आला तरी तो गच्च आवळतो. म्हणूनच झोपेत आळस देताना पाय ताणला की खटकन येतो. यावर साधा उपाय: पांघरूण पायाशी खोचू नका, सैल ठेवा, पालथं झोपत असाल तर पावलं गादीच्या कडेबाहेर लोंबू द्या, आणि आळस द्यायचाच असेल तर बोटं वर ओढून, टाच पुढे ढकलून द्या.

माझ्यात कशाची कमतरता आहे?

बहुतेक वेळा कशाचीच नाही! हे लोकांना पटत नाही पण रात्री गोळे येणाऱ्या बहुतांश लोकांचं कॅल्शियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासलं तर नॉर्मल निघतं. गोळा आला की गोळी शोधायची ही आपली सवय, आणि विकणारे तयारच असतात. खरी कमतरता असू शकते, नाही असं नाही, पण ती सहसा कारण घेऊन येते: जुलाब-उलट्या झाल्यात, लघवी जास्त करणारी औषधं चालू आहेत, किडनीचा किंवा थायरॉइडचा त्रास आहे, दारू फार आहे. कॅल्शियम रक्तात खरंच घसरलं तर नुसती पोटरी आवळत नाही, हातही आखडतात, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, ते चित्रच वेगळं असतं.

पण मॅग्नेशियम तर सगळेच घ्यायला सांगतात?

सांगतात खरं. २०२० मध्ये कॉक्रेनने (वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था) ११ चाचण्या एकत्र करून तपासलं तेव्हा वयस्कर लोकांमध्ये मॅग्नेशियमने गोळे लक्षात येण्याइतके कमी होतील असं दिसलं नाही. २०१७ च्या एका चाचणीत तर मजाच झाली, रात्री गोळे येणाऱ्यांना काहींना मॅग्नेशियम ऑक्साईड दिलं आणि काहींना नुसती खोटी, औषध नसलेली गोळी, दोन्ही गटांचे गोळे कमी झाले आणि जवळजवळ सारखेच कमी झाले. म्हणजे "मला फरक पडला" म्हणणारा खोटं बोलत नसतो, फक्त फरक गोळीमुळेच पडला असं नसतं, गोळ्यांचं येणं-जाणं मुळात लहरी आहे, आठवडाभर छळतात आणि मग महिनाभर गायब. मॅग्नेशियमने पोट मात्र हमखास बिघडू शकतं, आणि किडनी कमकुवत असेल तर ते अंगात साठतं, अशा माणसाने डॉक्टरला न विचारता घेऊ नये. गरोदरपणातले निष्कर्ष उलटसुलट आहेत, काही चाचण्यांत फायदा दिसला, काहींत नाही.

पाणी कमी पितो म्हणून होत असेल का?

भर उन्हात, घामाने निथळत काम केल्यावर येणारे गोळे असतील तर हो, पाणी आणि मीठ दोन्ही गेल्याचा हात असू शकतो. पूर्वी कोळशाच्या खाणीत आणि जहाजाच्या भट्टीवर राबणाऱ्या कामगारांना असे भयंकर गोळे यायचे. घाम गाळून नुसतं साधं पाणी ढोसलं की त्रास जास्त, पाण्यात थोडं मीठ टाकलं की कमी, हे तिथेच लक्षात आलं. त्यामुळे खूप घाम गेला असेल तर नुसतं पाणी लिटरच्या लिटर पिण्यापेक्षा ओआरएस बरं, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवून. बीपी, हार्ट किंवा किडनीचा त्रास असेल तर मीठ वाढवायच्या आधी विचारून घ्या. पण घरात बसून, व्यवस्थित पाणी पिऊनही रात्री गोळा येणाऱ्या माणसाला अजून दोन ग्लास पाजून काही होत नाही, फक्त लघवीला उठावं लागतं.

एक आहे, उन्हाळ्याचा संबंध दिसतो. कॅनडात २०१५ साली आलेल्या एका अभ्यासात गोळ्यांसाठी लिहून दिलेली औषधं आणि इंटरनेटवरची शोधाशोध दोन्ही उन्हाळ्याच्या मध्यावर सगळ्यात जास्त आणि हिवाळ्यात सगळ्यात कमी निघाली. थंडीत जास्त येतात असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात, आकडा मात्र उलटा.

चालू औषधांमुळे येऊ शकतात?

येऊ शकतात, आणि हा प्रश्न लोक सगळ्यात उशिरा विचारतात, खरं तर पहिल्यांदा विचारायला हवा. बीपीसाठी किंवा सूज उतरवण्यासाठी दिलेली लघवी वाढवणारी औषधं, दम्याचे लांब वेळ काम करणारे इन्हेलर आणि कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन, या तीन गटांचं नाव गोळ्यांच्या संदर्भात येतं, त्यात इन्हेलरचा संबंध जास्त ठळक आणि स्टॅटिनचा त्यामानाने किरकोळ. ज्या महिन्यात नवीन औषध सुरू झालं किंवा डोस वाढला त्याच महिन्यात गोळे सुरू झाले असतील तर ते डॉक्टरला तारखेसकट सांगा. स्वतः बंद करू नका!! दम्याचा इन्हेलर गोळ्याच्या वैतागापायी सोडून देणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. स्टॅटिन घेणाऱ्याचे दोन्ही बाजूंचे स्नायू सतत दुखत असतील, अशक्त वाटत असेल, किंवा लघवी गडद तपकिरी झाली असेल तर ते साधं गोळ्याचं प्रकरण नाही, त्याच दिवशी डॉक्टरला गाठा.

खेळताना, पळताना येतो. मीठ कमी पडतं ना?

कधी कधी, पण इथेही मुख्य संशय थकव्यावर आहे. स्नायू थकला की त्याला "आवळ" सांगणारे संदेश वाढतात आणि "सोड" सांगणारे कमी होतात, तो तोल गेला की गोळा. म्हणून तो मॅचच्या शेवटी येतो, सरावापेक्षा शर्यतीत येतो, आणि ज्या स्नायूने सगळ्यात जास्त काम केलंय नेमका त्यातच येतो. घामाने मीठ कमी झालं असतं तर एकाच पोटरीला का धरलं असतं, हा विचार करण्यासारखा मुद्दा आहे. तेव्हा रोज ३ किलोमीटर पळणाऱ्याने एकदम १० ची शर्यत मारायची आणि मग इलेक्ट्रोलाइटच्या बाटलीला दोष द्यायचा यात अर्थ नाही, अंतर आणि वेग आठवड्यागणिक थोडा थोडा वाढवा. गोळा आल्यावर थांबा, ताणा, दोन मिनिटं चाला, आणि परत सुरू केलंत तर वेग कमी ठेवा.

पोहताना आला तर बुडतो का माणूस?

गोळ्याने नाही, घाबरण्याने बुडतो. हातपाय झाडू नका, पाठीवर तरंगा, श्वास घ्या, आवाज देऊन कोणाला तरी बोलवा आणि तरंगता तरंगताच बोटं नडगीकडे ओढा. दुसरा पाय आणि हात वापरून कडेला या. त्या दिवशी परत खोल पाण्यात नको.

गरोदरपणात फार येतात, बाळाला काही धोका?

बाळाला काही होत नाही. शेवटच्या तीन महिन्यांत तर हा अगदी नेहमीचा त्रास आहे आणि बाळंतपणानंतर बहुतेक वेळा आपोआप थांबतो. झोपण्याआधी पोटऱ्या ताणणं, दिवसा फार वेळ एका जागी उभं किंवा पायावर पाय टाकून न बसणं, थोडं चालणं, कोमट पाण्याने शेकणं, एवढं करा. सप्लिमेंट घ्यायचंच असेल तर तुमच्या डॉक्टरीणबाईंना विचारूनच. पण एकच पोटरी सुजलीय, गरम लागतेय, दुखणं जातच नाहीये असं असेल तर घरी चोळत बसू नका, त्याबद्दल खाली लिहिलंय.

आईला रोज रात्री येतात, वय ७०. वयामुळेच म्हणायचं का?

वयाचा वाटा आहेच. वय वाढलं की पायाकडे जाणाऱ्या काही नसा गळतात, स्नायू आणि कंडरे आखूड, कडक होतात, हालचाल कमी होते. पण "वय झालंय" म्हणून विषय संपवू नका, आधी त्यांच्या औषधांची यादी काढा (वरचा प्रश्न बघा), मधुमेह, थायरॉइड, किडनी यांच्या तपासण्या शेवटच्या कधी झाल्या ते बघा. डायलिसिस चालू असेल तर तिथे अंगातलं पाणी भराभर काढल्याने गोळे येतात, तिथल्या डॉक्टरांना सांगितलं की ते काढायचा वेग किंवा प्रमाण बदलून बघतात. लिव्हर सिरॉसिसमध्येही (लिव्हर खराब होऊन कडक होतं तो आजार) गोळे फार येतात.

बंद व्हावेत म्हणून रोज काय करायचं?

झोपण्याआधी ताण द्या. २०१२ च्या एका अभ्यासात ५५ च्या पुढच्या ८० लोकांपैकी निम्म्यांनी ६ आठवडे रोज झोपताना पोटरी आणि मांडीच्या मागचे स्नायू ताणले, त्यांचे गोळे न ताणणाऱ्यांपेक्षा रात्रीला साधारण एकने कमी झाले आणि जे आले ते कमी दुखले. खरं सांगायचं तर २००५ च्या दुसऱ्या एका अभ्यासात पोटरी ताणून फायदा दिसला नव्हता. तरीही मी हेच पहिलं सांगेन, कारण पैसे लागत नाहीत, साईड इफेक्ट नाही, आणि पाच मिनिटांचं काम आहे.

कसं करायचं: भिंतीसमोर हातभर अंतरावर उभे राहा, तळवे भिंतीला, एक पाय मागे, मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीला. आता कोपर वाकवत पुढे झुका. पोटरीत ओढ जाणवली पाहिजे, दुखलं नाही पाहिजे. १० ते ३० सेकंद धरा, सोडा, असं तीनदा, मग दुसरा पाय. बहुतेक लोकांची टाच नकळत उचलली जाते किंवा पाऊल बाहेरच्या बाजूला वळतं, मग काही ताण बसत नाही आणि "करून बघितलं, उपयोग नाही" म्हणतात. पाऊल सरळ भिंतीकडे ठेवा. मग खाटेवर पाय लांब करून बसा, गुडघे न उचलता हात पावलांकडे न्या, मांडीच्या मागचं काम झालं. तोल जात असेल तर सगळंच बसून टॉवेलने करा. किमान महिना-दीड महिना केल्याशिवाय निकाल लावू नका.

क्विनीनची गोळी पूर्वी द्यायचे म्हणे, ती मिळेल का?

मिळवायचा प्रयत्नच करू नका. मलेरियाचं हे औषध गोळे थोडे कमी करतं, ते खरंय, पण प्लेटलेट धोकादायकरीत्या कमी होणं आणि हृदयाचे ठोके बिघडणं असे प्रकार यात झालेत. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) १९९४ मध्ये गोळ्यांसाठी क्विनीनची चिठ्ठीशिवाय विक्री थांबवली आणि २००६ मध्ये मान्यता नसलेली सगळी क्विनीन औषधं बाजारातून काढायला लावली. पोटरीसाठी जीव पणाला कोण लावणार.

व्हिटॅमिन के२ चं काय?

२०२४ मध्ये चीनमधली एक चाचणी आली, ६५ च्या पुढचे १९९ लोक, ८ आठवडे, आणि के२ घेणाऱ्यांचे रात्रीचे गोळे खोट्या गोळीवाल्यांपेक्षा बरेच कमी झाले. आशा वाटावी असं आहे, पण एका चाचणीवर नाचायला नको. आणि वॉरफेरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर के गटातलं व्हिटॅमिन त्याच्या बरोबर उलट काम करतं, तिथे स्वतःच्या मनाने अजिबात नाही.

चादरीखाली साबणाची वडी ठेवायची? आंबट-खारट पाणी प्यायचं?

साबणाला काही आधार नाही, पण नुकसानही नाही, ठेवायची तर ठेवा. खारवलेल्या काकडीच्या बरणीतल्या पाण्याचं मात्र गमतीशीर आहे. २०१० मध्ये प्रयोगशाळेत विजेच्या झटक्याने पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत मुद्दाम गोळा आणला, तेव्हा हे पाणी प्यायल्यावर तो साध्या पाण्यापेक्षा लवकर सुटला, दीड मिनिटाच्या आसपास. इतक्या कमी वेळात मीठ रक्तात पोचूच शकत नाही, आणि रक्तातलं प्रमाण बदललंही नव्हतं, म्हणून संशोधकांचा अंदाज असा की आंबट चव घशाला झोंबते आणि तिथूनच नसांना शांत करणारा संदेश जातो. रात्री तीन वाजता बरणी शोधत फिरण्यापेक्षा पायाची बोटं ओढणं सोपं आहे हे माझं मत.

हा गोळाच आहे की दुसरं काही, कसं ओळखू?

गोळा अचानक येतो, हाताला गाठ लागते, ताणला की सुटतो. यात बसत नसेल तर विचार करा. चालल्यावर ठराविक अंतरानंतर पोटरी दुखायला लागते आणि थांबलं की दोन-पाच मिनिटांत थांबते, असं असेल तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्याची शंका घ्यायला हवी, विशेषतः सिगारेट ओढणारे आणि मधुमेही. उभं राहिल्यावर, चालल्यावर दोन्ही पाय भरून येतात आणि बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर बरं वाटतं, तर कंबरेच्या मणक्यात नसा दबल्या असतील. संध्याकाळी पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, आत वळवळ होते पण गाठ नाही, तर तो रेस्टलेस लेग्जचा प्रकार, त्याचे उपाय वेगळे आहेत आणि त्यात शरीरातलं लोह तपासावं लागतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: एकाच पायाची पोटरी सुजलीय, गरम आहे, लालसर किंवा काळपट दिसतेय, दुखणं तासन्तास जात नाही, आणि नुकताच लांबचा प्रवास, ऑपरेशन, प्लास्टर, बाळंतपण किंवा बरेच दिवस अंथरुणावर पडून राहणं झालंय, तर आतल्या शिरेत रक्ताची गाठ असू शकते. अशी पोटरी चोळायची नाही, लगेच दवाखाना. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर इमर्जन्सी, सकाळची वाट बघू नका.

डॉक्टरकडे कधी जाऊ, आणि तपासण्या कुठल्या?

अधूनमधून येणाऱ्या गोळ्यासाठी जायची गरज नाही. आठवड्यातून अनेकदा झोपमोड होतेय, हातात, पोटात किंवा पाठीतही गोळे येतायत, पाय बारीक किंवा कमजोर होतोय, सतत मुंग्या-बधिरपणा आहे, तर जा. जाताना सगळ्या औषधांची पाकिटं पिशवीत घालून न्या, नावं तोंडी सांगताना निम्मी विसरतात. तपासण्या तुमच्या लक्षणांवर ठरतात, साधारण किडनी, साखर, थायरॉइड, सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम. स्वतःहून मोठी पॅकेजं करत बसू नका.

गोळा गेला पण सकाळपासून पोटरी दुखतेय, व्यायाम करू का?

दुखणार, स्नायू इतक्या जोरात आवळला होता. कोमट शेक द्या, घरातल्या घरात चाला, हलका ताण द्या. जिने, दोरीउड्या, पळणं एक-दोन दिवस राहू दे. हळूहळू कमी होत असेल तर काळजी नाही, पण तीन दिवसांनीही तेवढंच दुखतंय, किंवा गोळा येताना काहीतरी तुटल्यासारखा आवाज झाला आणि आता तिथे काळंनिळं दिसतंय, तर स्नायूचे धागे फाटले असतील, तेव्हा एकदा दाखवून घ्या.